फावल्या वेळीं : अण्णांची लाल मोटार

मोटारीच्या बॉनेटाखालीं काय असतें हें मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हतें, आणि ठाऊक नसल्यामुळें माझें कधीं अडलेंही नव्हतें. या सदरांतून मीं आजवर जुन्या पैठणीला रफू कसा करावा येथपासून तंबोऱ्याच्या भोपळ्याची निगा कशी राखावी येथपर्यंत अनेक फावल्या वेळच्या उद्योगांविषयीं लिहिलें. पण ज्या उद्योगानें आमच्या माहेरच्या एका घरांत पन्नास वर्षें कुरबूर चालू ठेविली त्याविषयीं लिहिण्याचें मी टाळीत आलें होतें. २०२४ च्या उन्हाळ्यांत तीन महिने इंग्लंडांत थोरल्या बंधूंकडे राहून आलें आणि आतां टाळण्याचें कारण उरलें नाहीं. ज्या दोघांविषयीं लिहावयाचें त्या दोघांनींही परवानगी दिली आहे. वहिनींनीं तर, “वन्सं, माझी बाजू नीट मांडा हो,” अशी ताकीदही दिली आहे.

आमचे अण्णा १९६५ सालीं, चोविसाव्या वर्षीं, पुण्याहून विलायतेस गेले. यंत्रशास्त्राचे पदवीधर, ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थेम्सच्या कांठीं ॲबिंग्डन म्हणून गांव आहे, त्याच्या आसपास त्यांना नोकरी लागली व तेथल्याच एका खेड्यांत त्यांनीं बिऱ्हाड थाटलें. १९६९ त लग्न झालें, १९७१ त मुलगा झाला, आणि १९७३ त घरांत चौथें माणूस आलें तें चार चाकांवर. एमजीबी जातीची, उघड्या टपाची, लाल रंगाची, आठ वर्षांची जुनी मोटार. “ज्या वर्षीं मी या देशांत पाऊल ठेविलें त्याच वर्षीं हिचाही जन्म,” हें अण्णांनीं खरेदीचें कारण सांगितलें. वहिनींचें म्हणणें अगदीं साधें होतें: घरांत माणसें तीन आणि गाडींत जागा दोन. तिसऱ्याचा काय विचार केला होता तें त्यांना अद्याप कोणीं सांगितलेलें नाहीं.

एमजी हीं अक्षरें अष्टकोनांत बसविलेलीं हल्लीं आपल्याकडेही रस्तोरस्तीं दिसतात. २०१९ पासून गुजराथेंत हालोल येथें या नांवाच्या गाड्या निघत आहेत, आणि नांवाची मालकी आतां एका चिनी कंपनीकडे आहे. मूळ अक्षरें मात्र मॉरिस गॅरेजेस या ऑक्सफर्डांतील पेढीचीं. पेढी विल्यम मॉरिस यांची. पण १९२२ सालीं तिचे व्यवस्थापक झालेले सेसिल किंबर यांनीं साध्या घरगुती मॉरिस गाडीला देखणें अंग चढवून व तिला थोडी चपळ करून विकण्याची युक्ति काढली, आणि त्यांतून हा सारा प्रपंच उभा राहिला. १९२९ त कारखाना ॲबिंग्डनला एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या इमारतींत गेला. किंबर यांना १९४१ त मालकांशीं न पटल्यामुळें बाहेर पडावें लागलें आणि १९४५ च्या फेब्रुवारींत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकांतील आगगाडीच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. ज्यानें आयुष्यभर लोकांना वेगाचें वेड लाविलें तो मनुष्य स्थानकांतून नुकत्याच सुटलेल्या गाडींत जावा, हें ऐकून मला कसेंसेंच झालें.

अण्णांच्या शेजारीं एक एकूणनव्वद वर्षांचे आजोबा राहतात. त्यांनीं पंधराव्या वर्षापासून त्या कारखान्यांत काम केलें. ते सांगतात कीं गाड्यांचीं अंगें स्विंडनहून तयार होऊन येत, आणि ॲबिंग्डनला त्यांत बाकीचें सारें बसवीत; पण गाडी एका कामगाराकडून दुसऱ्याकडे नेण्यास तेथें चालता पट्टा नव्हता. माणसें ती हातांनीं ढकलून पुढें नेत. अशा हातढकल पद्धतीनें १९६२ ते १९८० या अठरा वर्षांत एमजीबीच्या सर्व तऱ्हा मिळून पांच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या! १९८० च्या ऑक्टोबरांत कारखान्याला टाळें लागलें. आजोबांच्या स्वतःच्या खोपटांत १९४८ ची टीसी जातीची एमजी आहे. या टीसी गाड्या १९४५ ते १९४९ या काळांत दहा हजार निघाल्या. हिच्या अंगाचा सांगाडा लांकडी असतो, आणि एंजिनाची गम्मत अशी कीं बोल्टांचे आटे फ्रेंच मापाचे मिलिमीटरांत व त्यांचीं डोकीं इंग्रजी मापाचीं! म्हणजे पाना एका देशाचा आणि पीळ दुसऱ्याचा. आजोबा म्हणाले, लग्नाचेंही असेंच असतें. त्यावर वहिनी प्रथमच मोटारीच्या एखाद्या विनोदाला हंसल्या.

अण्णांच्या गाडीचा जो भाग मला अनपेक्षितपणें ओळखीचा निघाला तो सांगितला पाहिजे. आमच्या काकांनीं १९६० सालीं सदाशिव पेठेंत अॅम्बॅसडर आणली होती. मी सात वर्षांची होतें. अण्णा कॉलेजांतून आले कीं बाह्या सारून तिच्या पोटांत शिरत, आणि मी पाने हातांत देण्यास उभी राहत असें. ती अॅम्बॅसडर म्हणजे मूळची इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड. उत्तरपाड्याच्या कारखान्यांत ती २०१४ पर्यंत निघत होती हें पुष्कळांस स्मरत असेल. तिचें पेट्रोलचें एंजिन १४८९ घनसेंटिमीटरांचें. एमजीबीचें एंजिन १७९८ चें; पण दोन्हीं एकाच घराण्याचीं, सख्खीं भावंडें म्हणा ना. १९७३ त अण्णांनीं या लाल गाडीचें बॉनेट उघडलें तेव्हां त्यांच्या तोंडून “अरेच्चा, काकांची गाडी!” असें निघालें. परमुलखांत आठ वर्षें काढलेल्या माणसाला बॉनेटाखालीं आपलें घर सांपडावें, ही गोष्ट त्यांनीं पन्नास वर्षांत कोणाला सांगितली नव्हती, वहिनींनासुद्धां नाहीं. मला वाटतें, ती वेळीं सांगितली असती तर कुरबूर निम्मी झाली असती.

झडपांमधील अंतर राखण्याचें जें गणित अण्णांनीं काकांच्या गाडीवर मला सातव्या वर्षीं शिकविलें होतें, तेंच या गाडीलाही लागू पडतें. एंजिनांत चार नळकांडीं व आठ झडपा. ज्या झडपेचें माप घ्यावयाचें ती पूर्ण मिटलेली पाहिजे. तर ती मिटली हें ओळखावें कसें? आंकड्यांची बेरीज नऊ करावी. आठवी झडप पूर्ण उघडी असेल तेव्हां पहिलीचें माप घ्यावें, सहावी उघडी असेल तेव्हां तिसरीचें. एंजिन थंड असतां मधली फट इंचाच्या हजाराव्या भागाच्या पंधरापट असावी, आणि तितक्याच जाडीची पोलादी पट्टी फटींतून किंचित अडत सरकली म्हणजे झालें. हें कळल्यावर मला उगाच वाटूं लागलें कीं आपण या विद्येंत अगदींच नवख्या नाहीं.

बाकी या छंदाचा खरा शत्रु वेग नव्हे, गंज. त्या देशांत हिंवाळ्यांत रस्त्यांवर बर्फ धरूं नये म्हणून मीठ टाकतात, आणि तें मीठ गाडीच्या पोटाखालीं जाऊन बसतें. एमजीबीच्या आधींच्या एमजीए गाडीला निराळी पोलादी चौकट होती. एमजीबीला ती नाहीं, तिचें अंग हीच तिची चौकट. दाराखालून पुढून मागें जाणाऱ्या ज्या दोन पेट्यांसारख्या पट्ट्या दिसतात त्यांवर सारा भार असतो. अण्णा त्यांना ‘उंबरा’ म्हणतात. बाहेरून रंग चकचकीत आणि आंतून उंबरा पोखरलेला, अशा गाड्या पुष्कळ. उंबरा कापून नवा बसवितांना गाडीला मधोमध नीट आधार दिला नाहीं तर ती हळूच वाकते आणि मग दार लागत नाहीं. १९७९ त अण्णांचें एकदां तसें झालें; तीन महिने दार दोरीनें बांधून गाडी चालविली. आतां कारखान्याचे जुने सांचे शोधून काढून १९८८ पासून सबंध नवें अंगसुद्धां करून देतात, आणि बारीकसारीक भाग आज सांगितला तर उद्यां टपालानें दारांत येतो. सोय खरी, पण अण्णांच्या मतें त्यामुळें शोधाशोधीची मौज गेली. वहिनींच्या मतें त्यामुळें खर्च वाढला. दोघेंही बरोबर आहेत.

आतां वहिनींची बाजू. पन्नास वर्षांतले बहुतेक शनिवार त्यांनीं एकटीनें काढले. सासूसासरे नाहींत, नणंदा-जावा नाहींत, दाराशीं मराठी बोलणारें माणूस नाहीं. आणि असलेला एकुलता एक बोलणारा गॅरेजांत पालथा. पानांत वाढलेला भात गार होई, आंघोळीच्या पंचांना काळें तेल लागे, सणावारीं हाक मारली कीं “आलों, एवढा नट लावून,” असें उत्तर येई आणि तो नट लागण्यास संध्याकाळ होई. एका गणेशचतुर्थीला आरती मुलानें म्हटली, कारण बाप गाडीखालीं होता. येथें अण्णांची बाजू घेण्याजोगें माझ्यापाशीं कांहीं नाहीं. परदेशांत एकाकी पडलेल्या पुरुषाला विरंगुळा हवा हें समजतें. पण त्याच घरांत एकाकी पडलेल्या बाईचें काय, हा प्रश्न त्या गॅरेजाच्या दारावर पन्नास वर्षें उभा होता आणि अण्णा त्याला वळसा घालून आंत जात होते.

मुलाचें आणखी निराळें. १९९० सालीं, एकोणीस वर्षांचा असतांना, त्यानें बापाला नकळत गाडी चालूं करण्याचा बेत केला. ही गाडी त्या बाबतींत तिरपागडी आहे. हल्लींच्या गाड्यांत बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या अंगाला जोडतात. १९६७ पूर्वींच्या एमजीबींत धन बाजू जोडलेली असते. शिवाय बॅटरी एक नव्हे, सहा-सहा व्होल्टांच्या दोन, आणि त्याही बैठकीच्या मागें दडविलेल्या. भाच्यानें शेजारच्या नव्या गाडीवरून तारा आणल्या, उलट लावल्या, ठिणगी उडाली आणि एक तार जळाली. अण्णा आठ दिवस त्याच्याशीं बोलले नाहींत. त्यानंतर तो त्या गाडीला शिवला नाहीं. आज तो त्रेपन्न वर्षांचा आहे, रेडिंगला राहतो, आणि बापाशीं अतिशय आदबीनें वागतो. ती आदब पाहून मला बरें वाटत नसे.

मी गेलें तेव्हां घरांत निराळाच प्रश्न उपस्थित होता. वहिनींच्या दोन्ही गुडघ्यांना जिना झेपत नाहींसा झाला. घर विकून उभयतांनीं मुलाकडे रेडिंगला जावें असें ठरलें होतें. त्याच्याकडे वरची खोली आहे, बाग आहे, गॅरेज मात्र नाहीं. तेव्हां गाडी विकणें ओघानेंच आलें, आणि एक गिऱ्हाईक तीन आठवड्यांनीं पाहण्यास येणार होतें. अण्णांनीं मान्य केलें, पण एक अट घातली: एंजिन एकसारखें चालत नाहीं, तें नीट झाल्यावांचून मी दाखविणार नाहीं, आजारी जनावर कोणी बाजारांत नेत नाहीं. वर्षभर ते त्याच आजारामागें होते. कार्ब्युरेटर तीनदां खोलले, दांडे झिजले म्हणून नवे घातले, नळ्या बदलल्या. २०२१ च्या सप्टेंबरापासून तेथल्या साध्या पेट्रोलांत मद्यार्काचें प्रमाण दुप्पट होऊन शेंकडा दहापर्यंत गेलें व तें जुन्या रबराला खातें, म्हणून महागडें पेट्रोल आणलें. एंजिन आपलें लंगडतें तें लंगडतेंच.

येथें कार्ब्युरेटराविषयीं चार शब्द सांगितल्यावांचून पुढची गोष्ट समजणार नाहीं. हवा आणि पेट्रोल यांचें योग्य मिश्रण करून एंजिनाला पाजणारी ही दाई. या गाडीला तशा दोन दाया आहेत, एसयू नांवाच्या. एसयू म्हणजे स्किनर्स युनियन. लंडनच्या एका जोड्यांच्या व्यापारी घराण्यांतील जॉर्ज हर्बर्ट स्किनर यांनीं १९०५ च्या सुमारास ही युक्ति काढली, आणि घरचा धंदा चामड्याचा असल्यामुळें असेल, पहिल्या यंत्रांत त्यांनीं चामड्याचा भाता बसविला होता. पुढें भात्याच्या जागीं धातूचा दट्ट्या आला. एंजिन हवा ओढूं लागलें कीं दट्ट्या आपोआप वर उचलला जातो. त्याच्या खालीं निमुळती सुई असते, ती पेट्रोलच्या छिद्रांत वरखालीं होते. हवा अधिक, तर सुई अधिक वर, तर पेट्रोलही अधिक. भाजीच्या मानानें मीठ टाकणाऱ्या सुगरणीसारखें हें यंत्र आहे. आणि दट्ट्यानें उगाच उड्या मारूं नयेत म्हणून त्याच्या डोक्यावर थोडें पातळ तेल घालून ठेवतात.

दायी दोन असल्यामुळें दोघींनीं सारखी हवा घेतली पाहिजे. तें पाहण्यास आतां कांटे असलेलीं उपकरणें मिळतात; पण अण्णांना त्यांचा तिटकारा. ते रबरी नळीचें एक टोंक कानाशीं धरतात, दुसरें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं, आणि आंत जाणाऱ्या हवेचा ‘सूं’ असा आवाज ऐकतात. मग दुसऱ्याचा ऐकतात. दोन्ही सुस्कारे एका उंचीचे झाले कीं काम झालें. आमच्या घरांत सर्वांत तयार कान अण्णांचा. आईचा तंबोरा लहानपणीं तेच लावून देत, आणि जवारीचा दोरा केसभर सरकवून तारेंतून अशी झळाळी काढीत कीं आई क्षणभर गाणें थांबवी.

मीं सामानांत विजेच्या तंबोऱ्याची पेटी नेली होती. पहांटे मी रियाजास बसलें कीं अण्णा चहा घेऊन दाराशीं येत. तिसऱ्या कीं चौथ्या दिवशीं ते म्हणाले, “हा तुझा डबा नुसता गुरगुरतो. घुमारा आहे, पण झळाळी कुठें?” मीं कान देऊन ऐकलें. झळाळी होती, चांगली होती. त्या दिवसापासून मी लक्ष ठेवूं लागलें. बागेंत चिमण्यांची किलबिल चाले, अण्णांना ती जाणवत नसे. किटली सूंसूं करी, ते पाठमोरे बसून राहत. मीं “तो डबा सोडा” म्हटलें कीं ते “ओढा” ऐकत आणि ओढीत. जाड, खालचे आवाज त्यांना स्वच्छ ऐकूं येत होते. बारीक व उंच तेवढे गळून पडले होते. वयाबरोबर कानांतून आधीं तेच जातात. आणि कार्ब्युरेटरचा सुस्कारा तर सारा त्याच जातीचा.

म्हणजे आजार गाडीला नव्हता. वर्षभर हा माणूस एका ऐकूं न येणाऱ्या आवाजाशीं दुसरा ऐकूं न येणारा आवाज जुळवीत होता.

सांगावें कसें? दोन दिवस मी घुटमळलें. शेवटीं एका दुपारीं गॅरेजांत जाऊन म्हटलें, “अण्णा, ती नळी मला द्या. काकांच्या गाडीला पाने मी देत होतें, आतां एवढें तरी करूं द्या.” त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि कांहीं न बोलतां नळी दिली. एंजिन तापवून घेतलें, हवेचीं गाळणीं काढलीं, दोन कार्ब्युरेटरांना जोडणारा दांडा ढिला केला. मीं पुढच्याचा आवाज ऐकला, मग मागच्याचा. मागचा स्पष्टपणें उतरलेला होता, पंचमाच्या ऐवजीं मध्यमाकडे झुकलेला म्हणा. मी सांगत गेलें, अण्णा स्क्रू फिरवीत गेले. “चढवा... अजून... थोडा उतरवा... आतां राहूं द्या.” त्यांचा हात कांपत होता, पण स्क्रू धरला कीं कांप थांबे. दोन्ही सुस्कारे मिळाले तेव्हां एंजिनाचा सूरच पालटला. लंगडणें एकदम गेलें.

मग मिश्रण. दट्ट्या पिनेनें अगदीं किंचित, इंचाच्या बत्तिसाव्या भागाइतका, उचलून पहावयाचा. एंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, एंजिन गळूं लागलें तर कमी, आणि जराशी उचल घेऊन पुन्हां पूर्वपदावर आलें तर योग्य. खालचा षट्कोनी नट एकेक बाजू फिरवून तें साधतात. संध्याकाळीं साडेसहा वाजतां अण्णांनीं एंजिन बंद केलें. फडक्यानें हात पुसतांना ते म्हणाले, “केव्हां कळलें तुला?”

“तंबोऱ्याच्या दिवशीं.”

“हिला सांगूं नकोस.”

वहिनी दारांत चहा घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “हिला वर्षापूर्वींच कळलें आहे. दाराची घंटा मीच धांवत जाऊन उघडते, तुम्हांला काय वाटतें, गुडघ्यांना व्यायाम म्हणून?”

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. गाडी आतां नीट चालत होती. अण्णांची अट पुरी झाली होती, आणि विकण्यास आड येणारें एकमेव कारण मींच माझ्या हातानें दूर केलें होतें. मदत केली कीं घात केला, हें मला ठरवितां येईना.

शनिवारीं भाचा आला. गिऱ्हाईकाला देण्यासाठीं गाडीचा पूर्वेतिहास हवा, म्हणून अण्णांनीं लाल कापडी बांधणीची एक जाड चोपडी काढली. १९७३ पासूनचें प्रत्येक काम तींत लिहिलेलें, मैलांसह, किंमतीसह, आणि सारें मराठींत, थोडें मोडींतसुद्धां. भाच्याला मराठी समजतें, बोलतांही येतें; वाचतां येत नाहीं. तेव्हां मी वाचावें आणि त्यानें इंग्रजींत उतरवावें असें ठरलें. आम्ही स्वयंपाकघराच्या टेबलाशीं बसलों. तेल बदललें. डावा उंबरा कापला. दार लागत नाहीं. दार लागलें. अशीं वर्षें उलटत होतीं. १९९० च्या ऑगस्टांत एक नोंद आली आणि ती मीं पुढचें न पाहतां मोठ्यानें वाचून टाकली: “जळालेली तार बदलली. दीड पौंड. मुलावर उगाच रागावलों. त्याला सांगावें कसें कळत नाहीं.”

भाच्याची लेखणी थांबली. बराच वेळ तो त्या न वाचतां येणाऱ्या ओळीकडे पाहत होता. अण्णा पाठमोरे बसून बागेकडे पाहत होते. त्यांना ऐकूं आलें कीं नाहीं तें मला कळेना. मग भाच्यानें मोठ्या, स्वच्छ आवाजांत विचारलें, “बाबा, कुठली तार?”

“चल, दाखवितों,” म्हणून अण्णा उठले. दोघे गॅरेजांत गेले आणि नट लावून परत येण्यास त्यांना अर्थातच संध्याकाळ झाली.

त्या रात्रीं जेवतांना जो करार झाला तो वहिनींनीं ठरविला. गिऱ्हाईकाला नाहीं म्हणून कळवावें. रेडिंगच्या बाहेर एका शेतकऱ्याचें कोठार भाड्यानें मिळतें, तें गाडीसाठीं एक वर्ष घ्यावें. भाडें वहिनी आपल्या निवृत्तिवेतनांतून देतील. पण दोन अटी. शनिवारीं गाडीकडे जावयाचें तें मुलाबरोबर आणि दुपारच्या जेवणापर्यंतच. आणि त्याआधीं अण्णांनीं कानाला यंत्र लावून घ्यावें. अण्णा म्हणाले, कानांत यंत्र घालण्यापेक्षां मी गाडी विकीन. वहिनी म्हणाल्या, “मग विका.” दहा मिनिटें कोणी बोललें नाहीं. शेवटीं अण्णांनीं ताकाची वाटी पुढें केली आणि तपासणीची वेळ कोणत्या दिवसाची मिळेल असें विचारलें.

मी परत आल्यावर दोन महिन्यांनीं त्यांचा फोन आला. कानांत यंत्र बसलें होतें, आणि त्याविरुद्ध तक्रारींची यादीच त्यांनीं वाचली: चमचे वाजतात, वर्तमानपत्र कडकडतें, वहिनी इतक्या मोठ्यानें कां बोलतात. मग जरा थांबून म्हणाले, “काल कोठारांत नळी लावून पाहिली. हवा तूं अगदीं बरोबर मिळविली होतीस. पण मागच्याचें मिश्रण अर्धी बाजू जास्त ठेविलें होतेंस, तें मीं उतरविलें.”

मागून वहिनींचा आवाज आला, “वन्सं, साडेबारा वाजले आहेत, त्यांना म्हणावें पान वाढलें आहे.”